मोजणीबाईचा अर्ज

हजेरीपटावर तिचं नाव व्यवस्थित लिहिलेलं होतं, पण ते तिथंच राहिलं. शस्त्रक्रिया विभागाच्या पाच नंबर वॉर्डात तिला सगळे मोजणीबाई म्हणत. तोंडावर 'सिस्टर', पाठ फिरली की मोजणीबाई. तिला ते ठाऊक होतं. एकदा एका शिकाऊ डॉक्टरानं गडबडीत तोंडावरच "मोजणीबाई, जरा ती कात्री द्या" म्हटलं आणि जीभ चावली. तिनं कात्री दिली आणि म्हणाली, "टोकाकडून धरू नका. बाकी काहीही म्हणा."

नाव उगीच पडलं नव्हतं. दोन वर्षांपूर्वी इस्पितळात टाके चिघळायचं प्रमाण वाढलं. वरच्या समितीनं ठरवलं, पेशंटला हात लावायच्या आधी आणि नंतर डॉक्टर-नर्स हात धुतात की नाही, हे कुणीतरी मोजायचं. कुणीतरी म्हणजे कोण? वीस वर्षं नोकरी झालेली, अक्षर बरं असलेली आणि नाही म्हणता न येणारी. ते काम तिच्या गळ्यात पडलं. रोज सकाळच्या राउंडला औषधांच्या ट्रॉलीशेजारी रजिस्टर घेऊन उभं राहायचं आणि रेघा ओढायच्या. धुतले तर उभी रेघ, नाही धुतले तर फुली.

पहिल्या महिन्यात फुल्याच फुल्या होत्या. सहाव्या महिन्यात उभ्या रेघांचं रान माजलं. वर्षअखेरीला शंभरातले ब्याण्णव हात धुतलेले निघाले. समितीनं तिला कागदी फुलांचा गुच्छ दिला, फोटो काढला, तो जिन्यात लावला.

आणि आता चव्वेचाळीस वर्षं सात महिन्यांच्या वयात मोजणीबाईनं ठरवलं, शिकायचं. विद्यापीठात दोन वर्षांचा पदव्युत्तर अभ्यासक्रम होता, 'सार्वजनिक आरोग्य आणि आरोग्यवर्तन'. माणसं आपल्या भल्याचं असूनही तसं का वागत नाहीत, याचा अभ्यास. शिक्षणरजा पंचेचाळीस पुरी व्हायच्या आत मिळायची, नंतर नाही. म्हणजे हे वर्ष गेलं की गाडी गेली. अर्जाची मुदत शुक्रवारी संध्याकाळी पाचपर्यंत. ही सगळी हकीकत त्याच आठवड्याची.

घरी जेवणाच्या टेबलावर मुलीचा कॉम्प्युटर उघडलेला होता. मुलगी कॉलेजच्या शेवटच्या वर्षाला. तिला आईचा अर्ज भरण्याची भारी हौस आली होती.

"आरोग्यवर्तन म्हणजे काय गं?" सासूबाईंनी चष्मा पुसत विचारलं. "आरोग्याला कसलं वर्तन? वर्तन माणसाचं असतं. चांगलं नाही तर वाईट."

"तेच शिकवतात, आजी."

"त्याला कॉलेज कशाला? माझ्याकडे बसा चार दिवस."

नवरा कारखान्यात लेथवर काम करायचा. तो टॉवेलनं मान पुसत म्हणाला, "हात स्वच्छ करायची पदवी निघाली म्हणे. हात काळे करायची असती तर मी केव्हाच डॉक्टर झालो असतो." मग जरा थांबून, "भर गं तू. रविवारचा स्वयंपाक मी बघतो. पोट बिघडलं तर घरात सिस्टर आहेच."

अर्जात दोन गोष्टी अवघड होत्या. एक आठशे शब्दांचं मनोगत: 'लोकांची आरोग्यविषयक एखादी सवय बदलण्याचा तुम्ही केलेला प्रयत्न आणि त्यातून तुम्ही काय शिकलात.' दुसरी, वरिष्ठांचं शिफारसपत्र, जे त्यांनी परस्पर विद्यापीठाला पाठवायचं.

मनोगत तिनं आधीच लिहून ठेवलं होतं. मुलीनं ते मोठ्यानं वाचलं आणि नाक मुरडलं. "आई, हे समितीच्या अहवालासारखं झालंय. 'सततच्या पाठपुराव्यामुळे प्रमाण ब्याण्णव टक्क्यांवर गेले.' यात तू कुठं आहेस?"

"मी ट्रॉलीपाशी उभी आहे," ती म्हणाली. पण तिला बोच लागली, कारण त्या ब्याण्णवमधलं खरं काय ते तिला माहीत होतं.

ते तिला वॉर्डातल्या मावशींनी सांगितलं होतं, चार महिन्यांपूर्वी. मावशी म्हणजे फरशी पुसणाऱ्या, बेडपॅन उचलणाऱ्या, आणि कुठल्या खाटेवर कोण रडलं ते सगळ्यांत आधी कळणाऱ्या. बेसिन घासता घासता त्या म्हणाल्या, "सिस्टर, तुम्ही रजिस्टर घेऊन आलात ना, की इथं नळाला रांग लागते. तुम्ही गेलात की मी पुसलेलं बेसिन दुपारपर्यंत कोरडं ठणठणीत. मला काय, माझं काम वाचतं."

मोजणीबाईला कानफटात बसल्यासारखं झालं. मांजराच्या गळ्यात घंटा बांधली की उंदीर शहाणे होतात, एवढी साधी गोष्ट तिला दोन वर्षांत सुचली नव्हती.

मग तिनं गुपचूप दुसरी मोजणी सुरू केली. शेजारच्या बाळंतिणींच्या वॉर्डात बाळांचा वजनकाटा होता, ग्रॅमपर्यंत दाखवणारा. रोज सकाळी ड्युटीवर येताना बेसिनवरची साबणाची बाटली त्यावर ठेवायची, जाताना पुन्हा ठेवायची. तिथली नर्स म्हणायची, "घटतंय तुझं लेकरू. दूध वाढव." ही हसायची आणि आकडा टिपायची. सव्वा महिना मोजलं. बाटलीच्या वजनानं सांगितलं, धुवायला हवे तितक्या वेळांपैकी चौथा हिस्साही कुणी हात धूत नाही.

आणि आणखी एक निघालं. त्या सव्वा महिन्यात नऊ दिवस साबण दीडपट संपला होता. तिनं तारखा ताडून पाहिल्या. ते नऊ दिवस मोठे सर सुट्टीवर होते.

मोठे सर म्हणजे वॉर्डाचे प्रमुख, एकतीस वर्षं चाकू धरलेला माणूस. त्यांचा हात इतका हलका की पेशंट टाके मोजून चकित व्हायचे. सर राउंडला निघाले की मागं आठ जणांचं लटांबर. दुपारच्या राउंडला रजिस्टर नसायचं, तेव्हा सर बेसिनकडे वळायचे नाहीत, म्हणून आठही जण वळायचे नाहीत. सकाळी ट्रॉलीपाशी मोजणीबाई उभी दिसली की मागचे धुवायचे; सर मात्र साबणाच्या पंपाखाली हात नेल्यासारखं करायचे, आणि हात लगेच कोटाच्या खिशात. सुट्टीत त्यांच्या जागी धाकट्या मॅडम राउंड घ्यायच्या. त्या प्रत्येक खाटेनंतर नळ उघडायच्या, मग मागच्यांचीही छाती होत नसे न धुवायची.

हे सगळं मोजणीबाईनं दुसऱ्या मनोगतात लिहिलं. मुलगी वाचून टेबलावर थाप मारून म्हणाली, "हे! हे पाठव."

"आणि शिफारसपत्र कोण देणार? तुझी आजी?"

कारण पत्र मोठ्या सरांचंच लागणार होतं. वरिष्ठ तेच.

सोमवारी ती त्यांच्याकडे गेली. सर खुर्चीत मागं रेलून, हात खिशात. म्हणाले, "देतो की. दोन वर्षं माझ्या डोक्यावर बसून मोजलंत, एवढं तर करायलाच हवं. तुमचं मनोगत आणून द्या उद्या. पत्र त्याला धरून लिहितो."

रात्रभर तळमळायचा तिचा स्वभाव नव्हता. पण मंगळवारी सकाळी पर्समध्ये दोन लिफाफे होते. एकात ब्याण्णव, एकात साबण. जिन्यातल्या स्वतःच्या फोटोपाशी ती क्षणभर थांबली. कागदी फुलं, कागदी टक्के. 'खोट्यावर शिकायला गेले तर तिथं जाऊन शिकणार काय,' असं मनाशी म्हणाली आणि साबणाचा लिफाफा सरांच्या टेबलावर ठेवला.

दुपारी बोलावणं आलं.

सरांनी कागद पुढं सरकवला, कोपरानं. "साबण तोललात?"

"हो सर."

"बाळांच्या काट्यावर?"

"पुसून ठेवत होते सर. दोन्ही वेळेला."

सरांच्या ओठांच्या कडेला काहीतरी हललं, पण ते हसू झालं नाही. "पद्धत बरी आहे. माझ्या शिकाऊ पोरांपेक्षा बरी. आकडे खरे असणार. एकच विचारतो. दोन वर्षं उभ्या राहिलात, रेघा मारल्यात, बाटल्या तोलल्यात. मी हात का धूत नाही, हे मला कधी विचारलंत?"

'तुम्हाला कोण विचारणार' हे जिभेवर आलं होतं. पण ते उत्तर नव्हतं.

"नाही सर."

सरांनी खिशातून हात काढले आणि टेबलावर ठेवले.

तिनं पुष्कळ जखमा पाहिल्या होत्या, तरी तिच्या तोंडून "अगंबाई" निघालं. बोटांच्या पेरांवर आडव्या भेगा, काही ताज्या, काही खपली धरलेल्या. तळव्याची कातडी सोलल्यासारखी लाल. अंगठ्याच्या बेचक्यात इसब चांगलं मुरलेलं.

"तीन वर्षं झाली," सर म्हणाले. "एकतीस वर्षं घासघासून धुतले ना, त्याचं बक्षीस. ऑपरेशनला मी माझा वेगळा साबण नेतो, दोन-दोन ग्लोव्हज घालतो. पण वॉर्डातला तुमचा तो गुलाबी साबण लागला की मिरची चोळल्यासारखी आग होते."

"मग कुणाला दाखवलं नाही?"

"दाखवलं की कागद होतो. कागद झाला की थिएटर बंद. बरं होईपर्यंत म्हणतात, पण माझ्या वयात एकदा बाहेर बसवलेला माणूस पुन्हा आत येत नाही." त्यांनी हात परत खिशात घातले. "तर आता असं करा. तुमचं मनोगत आहे तसं पाठवा. मी बेपर्वा आहे असं लिहिलंत, चालेल. हातांबद्दल एक अक्षर लिहायचं नाही. पत्र मी आज रात्री पाठवतो."

म्हणजे सगळं जमलं होतं. मनोगत झकास, पत्र तयार, आणि सरांची परवानगी. गुपचूप 'बरं सर' म्हणून निघायचं, एवढंच बाकी होतं. तिच्या ओळखीतल्या दहाजणींतल्या नऊजणी निघाल्या असत्या, आणि त्यांना कुणी नावं ठेवली नसती.

पण ती आधी नर्स होती. तिला ठाऊक होतं, असल्या भेगांत काय काय घर करून राहतं. सर त्याच हातांनी, उघड्या हातांनी, राउंडला टाके चाचपायचे.

"सर, तुमची मुलगी पेशंट असती आणि तिला तपासणाऱ्या डॉक्टरचे हात असे असते, तर तुम्ही काय केलं असतं?"

"सिस्टर, विषय संपला."

"मी लिहिणार नाही. तुमच्या हातांचं नाही, आणि बेपर्वाईचंही नाही. तेही खोटंच होईल. पण तुम्ही त्वचारोगाच्या मॅडमकडे जा. या आठवड्यात."

"तुम्ही मला अट घालताय? पत्राची गरज तुम्हाला आहे, मला नाही."

"हो सर. म्हणूनच अट नाही म्हणता येत. नुसतं सांगतेय." तिनं पुढं रेटलं. "आणि नाहीच गेलात, तर सोमवारी समितीला मला सांगावं लागेल. तुमच्या पाठीमागं जाणार नाही. आत्ताच तोंडावर सांगितलं."

सर उभे राहिले. "जा तुम्ही."

ती गेली. ड्रेसिंगच्या खोलीत जाऊन गॉजच्या घड्या घालत बसली. एरवी मोजून शंभर घालायची, त्या दिवशी किती झाल्या ते तिला सांगता आलं नसतं.

घरी कळल्यावर मुलगी कपाळाला हात लावून बसली. "आई! शुक्रवारपर्यंत तरी थांबायचंस! सोमवारी बोलली असतीस!"

"सोमवारपर्यंत त्यांनी तीस पेशंट तपासले असते."

नवरा म्हणाला, "आमच्याकडे मशीनमध्ये बोट जाताना दिसलं तर आधी स्विच बंद करतात. नंतर पगार मागतात." सासूबाईंना फारसं काही सांगितलं नव्हतं, तरी त्या म्हणाल्या, "मोठ्या माणसाला खरं सांगितलं की काय होतं, ते मला लग्नानंतर पहिल्याच आठवड्यात कळलं होतं. काही होत नाही. थोडे दिवस जेवण अळणी लागतं."

बुधवारी मोजणीबाईनं एक नवीनच गोष्ट केली. रजिस्टर कपाटात ठेवलं आणि वॉर्डात एकेकाला गाठून विचारायला लागली, तुम्ही हात का धूत नाही? आधी सगळे दचकले. "धुतो की!" मग ती म्हणायची, "कागद-पेन नाही माझ्याकडे. खिसे बघा हवं तर." हळूहळू तोंडं उघडली.

शिकाऊ डॉक्टर म्हणाला, बेसिन पार टोकाला आहे, तिथं जाऊन येईतो राउंड दोन खाटा पुढं गेलेला असतो आणि मग प्रश्न मलाच येतो. एक नर्स म्हणाली, टॉवेल दहानंतर ओलाकिच्च, धुतलेले हात त्याला पुसायचे म्हणजे आगीतून फुफाट्यात. दुसरी लाजत म्हणाली, म्हाताऱ्या पेशंटला हात लावून लगेच धुतले की त्याला वाटतं, आपली किळस आली. नळ इतका उडतो की कोटाला ओला डाग पडतो आणि पेशंटचे नातेवाईक हसतात, असं सांगणारे तर तिघं निघाले. मावशींनी सगळ्यांवर कडी केली. "मला कधी कुणी सांगितलंच नाही धुवायला. मी तुमच्या यादीत आहे का?"

नव्हत्या. बेडपॅन उचलणारी बाई दोन वर्षं यादीत नव्हती.

गुरुवारी ड्युटी संपल्यावर ती जेवणाच्या टेबलाशी बसली आणि तिसरं मनोगत लिहिलं. ब्याण्णव कसे खोटे निघाले ते लिहिलं, साबण कसा तोलला ते लिहिलं. नऊ दिवसांचं, सुट्टीचं, काहीच नाही. पुढं लिहिलं, 'दोन वर्षं मी मोजत होते आणि विचारत नव्हते. विचारलं तेव्हा एकानं असं कारण सांगितलं, जे कुठल्याही काट्यावर दिसलं नसतं. ते इथं लिहिता येत नाही.' मुलगी म्हणाली, "सगळ्यात भारी भाग काढून टाकलास." ती म्हणाली, "काढला नाही. माझा नव्हता तो."

शुक्रवारी सकाळी वॉर्डाच्या फळ्यावर ऑपरेशनची यादी लागली. सगळी ऑपरेशनं धाकट्या मॅडमच्या नावावर होती. पुढचे तीन आठवडे. वॉर्डात कुजबुज उसळली. सरांना हृदयाचा त्रास, सर परदेशी चालले, सरांचं मॅनेजमेंटशी वाजलं. मावशी मोजणीबाईच्या कानाशी येऊन म्हणाल्या, "तुम्हाला ठाऊक असणार."

"मला फक्त रेघा ठाऊक असतात, मावशी."

अर्जाच्या पानावर मात्र शिफारसपत्रापुढं 'अप्राप्त' तसंच होतं. साडेतीनला तसंच. सव्वाचारला तसंच. मुलगी घरून दर दहा मिनिटांनी फोन करत होती. चार चाळीसला मोजणीबाई म्हणाली, "आता नको करूस. मला सलाईन बदलायचंय." चार सत्तेचाळीसला मुलीनं ऐकलं नाही, फोन केलाच. "आई, आलं! प्राप्त!" मोजणीबाईनं सलाईनचे थेंब मोजून लावले, पेशंटचं पांघरूण सारखं केलं आणि मग भिंतीला जरा टेकली.

महिन्यानं मुलाखत झाली. टेबलापलीकडे तिघं जण. मधल्या पिकल्या केसांच्या बाई प्राध्यापक होत्या. त्यांनी विचारलं, "ते कारण कुठलं, जे तुम्ही लिहिलं नाही?"

"ते सांगता येणार नाही मॅडम."

"मग ते खरं आहे, हे आम्ही कसं मानायचं?"

"मानू नका. मी ब्याण्णव टक्के लिहिले असते, तर तुम्ही लगेच मानले असते."

डावीकडचे गृहस्थ खोकले. प्राध्यापकबाईंनी समोरचा कागद उलटून पाहिला. "तुमच्या वरिष्ठांचं पत्र दोन ओळींचं आहे. एवढ्या लहान पत्राची आम्हाला सवय नाही." त्यात काय लिहिलंय ते त्यांनी सांगितलं नाही, हिनं विचारलं नाही. बाहेर आल्यावर तिच्या लक्षात आलं की आपण पुन्हा विचारलंच नाही. पण हे न विचारायच्या गोष्टींतलंच होतं.

यादी लागली तेव्हा ती प्रतीक्षेत तिसरी होती. पहिल्यानं दुसरीकडे प्रवेश घेतला, दुसरीला नोकरी लागली, मग एक जागा सुटली, असं करत पंचेचाळीस पुरी व्हायला सव्वीस दिवस उरले असताना तिला पत्र आलं. ती शिक्षणरजेचा अर्ज घेऊन मोठ्या सरांच्या खोलीत गेली. सर परत आले होते. हातांना पांढरे सुती मोजे, वर मलमाचा वास. ऑपरेशनं अजून मॅडमच करत होत्या. सर टेबलाशी बसून शिकाऊ डॉक्टरांना शिकवायचे, आणि त्यांच्या चेहऱ्यावर ते आवडत असल्याची काहीच खूण नव्हती.

त्यांनी अर्ज वाचला. "दोन वर्षं? त्यात शिकवतात काय?"

"माणसांना कसं विचारायचं ते, बहुतेक."

"त्याला दोन वर्षं लागतात?"

"मला तर दोन वर्षं सुचलंच नव्हतं सर."

सरांनी पेन मोज्यातल्या बोटांत धरलं. पकड नीट बसेना, तेव्हा उजवा मोजा काढला आणि सही केली. अक्षर पूर्वीसारखं आलं नाही. मग म्हणाले, "यावर शिक्का लागेल. क्लार्ककडे जा."

क्लार्क जेवायला गेला होता. ती बाहेरच्या बाकावर बसून राहिली, कागद मांडीवर सपाट धरून, त्याला घडी पडू नये म्हणून.